रिकाम्या जागेचे उत्तर वाक्यातच असते

गोडादऱ्यातल्या मराठी मुलासमोर रिकाम्या जागा चार भाषांत येतात. सुरतेच्या पूर्वेकडची ही वस्ती लिंबायत, डिंडोली आणि उधना यांच्या शेजारची. यंत्रमाग, कापडबाजार आणि छपाईच्या कारखान्यांत काम मिळते म्हणून धुळे, जळगाव, नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली असंख्य कुटुंबे इथे आणि आसपास स्थिरावली. घरात बहुधा अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी, गल्लीत हिंदी, दुकानाच्या पाट्यांवर आणि सरकारी कागदांवर गुजराती. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. २०२३ साली गुजरात विधानसभेने केलेल्या कायद्यानुसार पहिली ते आठवीपर्यंत प्रत्येक शाळेत गुजराती शिकवणे सक्तीचे आहे. पुढे नोकरीच्या परीक्षा येतात. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या शिपाईपदाची परीक्षा २०२४ पासून मराठी आणि गुजरातीसह तेरा प्रादेशिक भाषांत देता येते, पण तिच्यातला भाषेचा विभाग मात्र हिंदी किंवा इंग्रजीचाच राहिला. म्हणजे मराठीतून परीक्षा देणाऱ्या तरुणालाही वाक्यातली रिकामी जागा परक्या भाषेत भरावी लागते. योग्य शब्द कसा निवडावा, या प्रश्नाला क्लासेसमध्ये आणि मार्गदर्शक पुस्तकांत एकच उत्तर मिळते: शब्दसंग्रह वाढवा. हे उत्तर अपुरे आहे आणि या वस्तीतल्या मुलांच्या बाबतीत तर बऱ्याचदा दिशाभूल करणारे आहे. रिकामी जागा ही मुळात वाक्य किती कळले याची परीक्षा आहे, शब्दांच्या साठ्याची परीक्षा त्यानंतर सुरू होते.

या प्रश्नप्रकाराचा इतिहासच तसे सांगतो. १८९७ साली जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी ब्रेस्लाऊच्या शाळकरी मुलांसाठी एक चाचणी मांडली. शाळेच्या लांबलचक वेळापत्रकाने मुलांचे डोके किती थकते, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यासाठी त्यांनी उताऱ्यातले काही शब्द आणि अक्षरे गाळली आणि मुलांना ती भरायला सांगितली. विखुरलेले तुकडे जोडून अर्थ उभा करण्याची ताकद त्यांना मोजायची होती. कोणाला किती शब्द येतात, हा त्यांचा प्रश्नच नव्हता. १९५३ साली विल्सन टेलर या पत्रकारितेच्या अभ्यासकाने उताऱ्यातला ठरावीक अंतरावरचा शब्द गाळण्याची पद्धत मांडली. तिचा हेतू मजकूर वाचकाला किती सुबोध आहे ते तपासणे हा होता. म्हणजे तिथे परीक्षा वाचकाइतकीच लेखनाचीही होती. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या ‘सॅट’ परीक्षेने २०१६ मध्ये वाक्यपूर्तीचे सुटे प्रश्न बंद केले. दुर्मीळ शब्दांच्या याद्या पाठ करून गुण मिळतात, हा त्या प्रश्नांवरचा जुना आक्षेप होता. परंतु ही परीक्षा संगणकावर आली तेव्हा रिकामी जागा परतली. आता ती एका वाक्यात नव्हती, छोट्या उताऱ्यात होती, आणि विचारलेले शब्दही दैनंदिन लेखनातले होते. एवढेच कशाला, २०१८ मध्ये गूगलच्या संशोधकांनी ‘बर्ट’ हे भाषाप्रारूप घडवले, तेही मजकुरातले सुमारे १५ टक्के शब्द झाकून आणि आजूबाजूच्या शब्दांवरून ते ओळखायला लावून. मुलाला असो वा यंत्राला, गाळलेल्या शब्दाचा पत्ता शेजारच्या शब्दांकडूनच लागतो.

मराठी वाक्यात हा पत्ता देणाऱ्या खुणा विपुल आहेत, आणि त्यांकडे आपले शिक्षण फारच कमी लक्ष देते. सर्वांत ठळक खूण उभयान्वयी अव्ययांची. ‘पावसाने ओढ दिली, तरी धरणातला साठा ____ होता’ आणि ‘पावसाने ओढ दिली, त्यामुळे धरणातला साठा ____ होता’ या दोन वाक्यांत रिकामी जागा एकच आहे, पण पहिलीत ‘पुरेसा’ बसतो आणि दुसरीत ‘अपुरा’. फरक ‘तरी’ आणि ‘त्यामुळे’ एवढाच. ‘पुरेसा’ आणि ‘अपुरा’ हे शब्द चौथीच्या मुलालाही ठाऊक असतात, तरीही उत्तर चुकते, कारण तो शब्दांचे अर्थ तपासतो आणि वाक्य कोणत्या दिशेने वळले ते पाहत नाही. ‘इतका… की’, ‘जरी… तरी’, ‘जसजसे… तसतसे’, ‘उलट’, ‘किंबहुना’, ‘एवढेच नव्हे तर’ ही जोडणारी मंडळी वाक्याला वळण देतात. ‘किंबहुना’ पाहिला की पुढचा शब्द आधीच्यापेक्षा चढा असणार, हे ज्याला कळते त्याला चारपैकी दोन पर्याय वाचताक्षणीच गळून पडलेले दिसतात.

दुसरी खूण विभक्तीची. ‘त्यांना आपल्या गावाचा ____ आहे’ इथे ‘अभिमान’ येईल. ‘त्यांची आपल्या गावावर ____ आहे’ इथे ‘श्रद्धा’ किंवा ‘माया’. ‘त्यांना आपल्या गावाबद्दल ____ आहे’ इथे ‘आस्था’. भावना जवळपास सारख्या, पण नामामागचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय शब्द ठरवून टाकते. भीती कशाची तरी वाटते, विश्वास कशावर तरी असतो, कंटाळा कशाचा तरी येतो. मराठी माणूस हे बोलताना सहज पाळतो. परीक्षेत मात्र पर्यायांच्या गर्दीत त्याचे लक्ष प्रत्ययावरून उडते.

तिसरी खूण सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दुर्लक्षित: कोणता शब्द कोणत्या शब्दाबरोबर नांदतो. निर्णय आपण घेतो, निष्कर्ष काढतो, निवाडा करतो, निर्वाळा देतो, निकाल लागतो किंवा लावतो. कोशात हे शब्द एकमेकांच्या अंगणात उभे दिसतील, वाक्यात त्यांचे रस्ते वेगळे आहेत. ‘डॉक्टरांनी रुग्णाच्या जिवाला धोका नसल्याचा ____ दिला’ इथे निर्वाळाच हवा. ‘आकडेवारी तपासून समितीने असा ____ काढला’ इथे निष्कर्षच. पुतळ्याचे अनावरण होते, पुस्तकाचे प्रकाशन होते, पुलाचे लोकार्पण होते, शाळेच्या इमारतीची पायाभरणी होते. उद्घाटन हा शब्द यांतल्या काही जागी चालेल, पुतळ्याच्या जागी खटकेल. इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५० च्या दशकात शब्दांच्या या सहवासाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यानंतर इंग्रजीत शब्दांच्या सोबतीचे स्वतंत्र कोश निघाले. मराठीकडे १८३१ चा मोल्सवर्थ आहे, १८५७ ची त्याची सुमारे साठ हजार शब्दांची दुसरी आवृत्ती आहे, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आहे. या जुन्या कोशांत वापराची उदाहरणे विखुरलेली सापडतात, पण स्पर्धा परीक्षेच्या तयारीत त्यांना कोणी हात लावत नाही. तिथे चलती असते समानार्थी शब्दांच्या याद्यांची.

या याद्यांचे नुकसान नेमके सांगायला हवे. यादी सांगते: पाणी म्हणजे जल, नीर, उदक, तोय, जीवन. यातून मुलाच्या मनात हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात अशी समजूत बसते. परंतु ‘आज नळाला उदक आले नाही’ असे कोणी म्हणत नाही, आणि ‘जलसंपदा विभाग’ याला ‘नीरसंपदा विभाग’ म्हणता येत नाही. प्रसिद्ध, ख्यातनाम, नामांकित, कुख्यात या चारांत ‘नाव सर्वांना माहीत असणे’ हा अर्थ सामाईक असला तरी दरोडेखोर नामांकित नसतो आणि महाविद्यालय कुख्यात म्हटले तर बदनामी होते. समानार्थी शब्दांमधला फरक ओळखणे हीच वाक्यपूर्तीच्या प्रश्नाची मागणी असते, आणि यादी तोच फरक पुसून टाकते. ज्या साधनाने तयारी करायची तेच साधन प्रश्नाच्या विरुद्ध दिशेला ओढते, हे अजून आपल्याकडे पुरेसे ध्यानात आलेले नाही.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून अभ्यास करणाऱ्या मुलाला वाचनातून भाषा कमवायला वेळ कुठे आहे? यादी निदान महिन्याभरात पाठ होते. या आक्षेपाला संशोधनाचाही आधार आहे. स्वानबॉर्न आणि डी ग्लॉपर या डच संशोधकांनी १९९९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सामान्य वाचनात भेटलेल्या शंभर अनोळखी शब्दांपैकी सुमारे पंधराच वाचकाच्या पदरात पडतात असे आढळले. म्हणजे ‘नुसते वाचत राहा’ हा सल्ला आळशी आहे आणि घाईत असलेल्या उमेदवाराच्या उपयोगाचा नाही. ते मान्य केले पाहिजे. परंतु यातून यादीचे समर्थन निघत नाही. यातून निघते ते एवढेच, की शब्द मुद्दाम शिकावा, पण वाक्यासकट. वहीत ‘निर्वाळा = खात्री’ असे लिहिण्याऐवजी ‘धोका नसल्याचा निर्वाळा दिला’ असे लिहिले तर तेवढ्याच वेळात शब्दाचे क्रियापद, त्याचा प्रत्यय, त्याचे प्रसंग आणि त्याचा स्वर असे सगळे हाती लागते. दिवसाला वीस सुटे शब्द घोकण्यापेक्षा पाच शब्द अशा पाच वाक्यांत उतरवणे कमी दिसते, पण परीक्षेत टिकते तेच.

दुसरा आक्षेप वेगाचा. शिपाईपदाच्या त्या परीक्षेत ६० मिनिटांत ८० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. एवढ्यात वाक्याचे वळण, प्रत्यय आणि सोबत तपासत कोण बसणार? म्हणून क्लासमध्ये पर्याय गाळण्याच्या युक्त्या शिकवतात: टोकाचे शब्द टाळा, सर्वांत अवघड दिसणारा शब्द निवडा, तिसऱ्या पर्यायाकडे झुका. यांतल्या शेवटच्या दोन तर निव्वळ अंधश्रद्धा आहेत. चुकीचे पर्याय हे कसबी प्रश्नकर्त्याने मुद्दाम आकर्षक केलेले असतात. म्हणून आधी पर्याय वाचणारा त्यांच्या मोहात सापडतो. उलट क्रम जलद आहे: पर्याय हाताने झाकावेत, वाक्य शेवटपर्यंत वाचावे, जागेत स्वतःचा साधा शब्द मनात म्हणावा, मग त्या अर्थाचा पर्याय शोधावा. ‘शेतकऱ्यांनी आंदोलन मागे घेतले, पण त्यांची ____ कायम आहे’ हे वाचताना ‘नाराजी’ आपोआप सुचते. पर्यायांत नाराजी नसेल आणि ‘असंतोष’, ‘खदखद’, ‘समाधान’, ‘उत्सुकता’ असतील, तर ‘त्यांची’ या स्त्रीलिंगी रूपामुळे पुल्लिंगी ‘असंतोष’ बाजूला होतो, ‘पण’मुळे समाधान जाते, उत्सुकता आंदोलनाच्या संदर्भात बसत नाही, आणि खदखद उरते. हे एकदा अंगवळणी पडले की ४५ सेकंद पुरून उरतात.

याच उदाहरणात प्रश्न काढणाऱ्यांची एक मोठी उणीवही दिसते. मराठीत नामाला लिंग आहे आणि विशेषण, क्रियापद त्याप्रमाणे बदलते. ‘त्याच्या बोलण्यात कमालीचा ____ होता’ असे वाक्य देऊन नम्रता, आपुलकी, सौजन्य, गोडवा असे पर्याय दिले, तर अर्थ न वाचताही ‘कमालीचा… होता’ या पुल्लिंगी चौकटीत गोडवाच बसतो. असा प्रश्न अर्थ तपासत नाही, लिंग तपासतो. तेही उपयुक्त ज्ञान आहे, पण त्यासाठी ‘आशयानुसार योग्य शब्द निवडा’ अशी सूचना कशाला? अर्थाची कसोटी हवी असेल तर चारही पर्याय एकाच लिंगाचे आणि वचनाचे हवेत. इंग्रजी प्रश्नांचा साचा उचलून मराठीत बसवला की ही चूक होते, कारण इंग्रजीत हा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरी उणीव दोन बरोबर उत्तरांची. ‘न्यायालयाने ____ दिला’ यात निकाल आणि निर्णय दोन्ही चालतात. पर्यायांत दोन्ही असले तर उमेदवाराचा गुण नशिबावर जातो. महाराष्ट्र लोकसेवा आयोग उत्तरतालिका आधी प्रसिद्ध करून हरकती मागवतो आणि मग अंतिम तालिका लावतो. ही प्रथा चांगली आहे. पण तिची गरज भाषेच्या प्रश्नात वारंवार पडणे हे प्रश्न सैल असल्याचे लक्षण आहे. वाक्यात आणखी एक उपवाक्य घातले की हा सैलपणा जातो: ‘साक्षी-पुरावे संपल्यावर तीन आठवड्यांनी न्यायालयाने खटल्याचा ____ लावला’ म्हटले की ‘लावला’मुळे निकाल हा एकच शब्द उरतो.

आता या सगळ्याला गोडादऱ्याचे जे खास परिमाण आहे त्याकडे यावे, कारण इथे प्रश्न अधिक गुंततो. गुजराती पाठ्यपुस्तकात ‘खाली जग्या पूरो’ अशी सूचना असते. मराठी मुलाला ‘खाली’ म्हणजे खालच्या बाजूला. ही चूक पहिल्याच आठवड्यात सुटते, पण जे शब्द दोन्ही भाषांत रोज वापरले जातात तिथे गोंधळ वर्षानुवर्षे राहतो. गुजरातीत ‘मने आवडे छे’ म्हणजे मला येते, मला जमते. मराठीत ‘मला आवडते’ म्हणजे मला प्रिय आहे. ‘तिला पोहता ____, पण पोहायला ____ नाही’ या वाक्यात ‘येते’ आणि ‘आवडत’ हवे. गुजरातीच्या सवयीने पहिल्या जागी ‘आवडते’ लिहिले जाते. मराठीत काम जमते, गुजरातीत ‘जमवुं’ म्हणजे जेवणे. हिंदीकडून येणारी फसगत आणखी मोठी, कारण लिपीही एकच: हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा, हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, मराठीत आपत्ती म्हणजे संकट, हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, मराठीत शोधाचे काम, आणि ‘संशोधन’च्या बाबतीत गुजराती मराठीच्या बाजूला आहे. सोबतीच्या क्रियापदांतही तेच: मराठीत फोटो काढतात, गुजरातीत पाडतात, हिंदीत खेचतात. पायाभरणीला सुरतेतल्या कोनशिलांवर ‘खातमुहूर्त’ लिहिलेले असते, आणि मराठी निबंधात तोच शब्द उतरतो.

म्हणून काही शिक्षक आणि पालक म्हणतात, इतक्या भाषांची सरमिसळ हीच या मुलांची अडचण आहे. एक धरा, बाकीच्या दूर ठेवा. हा आक्षेप मला पटत नाही. गोडादऱ्यात भाषा वेगवेगळ्या ठेवणे शक्यच नाही. आणि या मुलांच्या घरातली अहिराणी बोली स्वतःच दोन भाषांच्या सीमेवरची आहे. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाने १९०७ च्या खंडात खानदेशीची मांडणी भिल्ल बोलींबरोबर, मराठीच्या खंडाबाहेर केली, आणि २०११ च्या जनगणनेने अहिराणीला मराठीत न धरता ‘खानदेशी’ या शीर्षकाखाली सुमारे १८ लाख ६० हजार भाषकांसह वेगळे नोंदवले. या वर्गीकरणावर वाद आहे आणि राहील. पण अहिराणी बोलणाऱ्या मुलाच्या कानावर मराठी आणि गुजराती दोन्हींची वळणे लहानपणापासून पडलेली असतात, याबद्दल वाद नाही. या मुलाकडे जे आहे ते पुण्यातल्या मुलाकडे नाही: एका शब्दाला दुसऱ्या भाषेशेजारी ठेवून त्याची सीमा पाहण्याची सोय. अडचण सरमिसळीची नसून ती उघड न बोलण्याची आहे. ‘आवडणे’ मराठीत असे आणि गुजरातीत तसे, हे वर्गात एकदा फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिले की ती चूक कायमची सुटते. न लिहिता लाल शाईने कापली की दरवर्षी परतते. सुरतेला अशा तुलनेचा वारसाही आहे. १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते आणि १८४४ मध्ये इथेच गुजराती समाजसुधारक दुर्गाराम मेहताजींच्या जोडीने मानवधर्म सभेत उभे राहिले. १८७३ मध्ये ‘नर्मकोश’ पूर्ण करणारे नर्मद याच शहराचे. मराठीचा व्याकरणकार आणि गुजरातीचा कोशकार दोघांनाही ज्या शहराने सामावून घेतले, तिथे दोन भाषांची तुलना वर्गाबाहेर ठेवण्याचे कारण नाही.

राहिला प्रश्न असा, की वाक्यपूर्तीचे प्रश्न परीक्षेत असावेत का. काही भाषाशिक्षक ते सरळ रद्द करा म्हणतात, कारण चार पर्यायांतून खूण करणे म्हणजे लिहिणे नव्हे. ते खरे आहे, पण लाखो उमेदवारांच्या परीक्षेत निबंध तपासणे शक्य नाही हेही खरे. चांगला रचलेला रिकाम्या जागेचा प्रश्न व्याकरणाच्या व्याख्या विचारण्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे: समासाचे नाव पाठ नसले तरी चालते, वाक्य कळले पाहिजे. हा प्रश्नप्रकार टिकावा, मात्र तो एका वाक्याऐवजी दोन-तीन वाक्यांच्या छोट्या उताऱ्यात यावा, पर्याय एका लिंगाचे असावेत, आणि प्रत्येक प्रश्नात उत्तर ठरवणारा निदान एक शब्द ठळकपणे उपस्थित असावा. ज्या प्रश्नात असा शब्द दाखवता येत नाही तो प्रश्नपत्रिकेत घेऊ नये.

गोडादरा, लिंबायत आणि डिंडोलीतल्या मराठी शाळांच्या आणि क्लासेसच्या शिक्षकांना म्हणून एकच विनंती आहे. सरावाच्या प्रश्नाखाली नुसता पर्यायाचा क्रमांक छापू नका. वाक्यातल्या कोणत्या शब्दामुळे ते उत्तर आले, तो शब्द अधोरेखित करून द्या, आणि गुजराती किंवा हिंदीत तो शब्द वेगळा वागत असेल तर त्याच ओळीत तसे लिहा. त्यासाठी नवे पुस्तक लागत नाही. आजच्या उत्तरसूचीत एक स्तंभ वाढवला की काम होते.